चार इंच खाली

वाचकहो, खेड्यातला माणूस गाडी विकत घ्यायला निघाला, की आधी काय पाहतो? गाडी जमिनीपासून किती उंच आहे, हे पाहतो. वाटेतला दगड, ओढ्याचे पाणी, शेताचा बांध यांवरून जाताना गाडीचे पोट घासू नये, एवढीच आपली मागणी असते. म्हणून कोणी सांगितले की अमेरिकेत लोक चांगला धडधाकट पिकअप ट्रक, म्हणजे मागे माल ठेवण्याचा हौदा असलेली गाडी, मुद्दाम खाली बसवून घेतात आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजतात, तर आपल्याला हसू येईल. मलाही आले होते.

पण गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे कॅलिफोर्नियातून पत्र आले आणि माझे हसू मावळले. त्याने हौसेने १९६८ सालचा शेव्हरोले सी-१० पिकअप घेतला होता. गाडी पुढून चार व मागून सहा इंच खाली आणण्यासाठी त्याने ती एका कारखान्यात दिली. आठ दिवसांनी कारागिराचा निरोप आला, "तुमच्या गाडीचा सांगाडा पूर्वी कोणीतरी कापलेला आहे. कापल्या जागी तडा गेला आहे. तो नीट केल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही. खर्च जवळजवळ दुप्पट होईल." सोबत एक छायाचित्र होते. विद्यार्थ्याने ते मला पाठवून विचारले, "सर, हा माणूस मला बनवतो आहे की वाचवतो आहे?"

मी गणिताचा अध्यापक. पाना हातात धरून पोट भरणारा नव्हे. परंतु तुळई कशी वाकते हे मी वीस वर्षे फळ्यावर शिकवत आलो आहे. तेव्हा त्याला जे उत्तर दिले तेच आज तुमच्यापुढे मांडतो. गाडी तिकडची असली, तरी लोखंड इकडचे आणि तिकडचे एकच असते.

आधी ही हौस आली कुठून, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या मोटारी घेऊन त्या खाली बसवायला सुरुवात केली. कोणी मागच्या पेटीत वाळूची पोती टाकी, कोणी स्प्रिंगा कापी. इतरांच्या गाड्या वेगात पळत. ह्यांची गाडी सावकाश, जमिनीला लागून, मिरवणुकीसारखी जाई. तो त्यांचा अभिमान होता. पोलिसांना व सरकारला ते रुचले नाही. १९५८ साली तेथे कायदा झाला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कड्याच्या खालच्या काठापेक्षा खाली येता कामा नये. यातला व्यवहार उघड आहे. टायर बसला, तरी गाडीचे पोट रस्त्याला लागू नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ च्या सुमारास आपल्या मोटारीला विमानाच्या सुट्या भागांतले तेलदाबाचे पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की पुन्हा खाली! हा कायदा पुढे साठाहून अधिक वर्षे टिकला. २०२३ साली तो रद्द करण्याचे ठरले आणि १ जानेवारी २०२४ पासून ते अमलात आले.

मोटारींची ही हौस पुढे पिकअप ट्रकांनाही लागली. १९४७ ते १९७२ या काळातले शेव्हरोले आणि १९५३ ते १९५६ चे फोर्ड एफ-१०० हे ट्रक यासाठी विशेष आवडते. एके काळी ते शेतावर, दुकानात राबलेले गडी. आज नातू ते आजोबांची आठवण म्हणून सांभाळतात आणि नटवतात.

आता या ट्रकची रचना बघा. त्याला शिडीसारखा सांगाडा असतो. लांबीला दोन पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, केबिन, हौदा, सारे या शिडीवर बसते. खाली स्प्रिंगा, त्यांच्या खाली आस, आणि आसाच्या टोकांना चाके. म्हणजे गाडी खाली आणायची, तर सांगाडा आणि चाक यांतले उभे अंतर कमी करायचे. एवढेच गणित. पण ते अंतर कुठून काढायचे, यातच शहाणा आणि उतावळा यांची परीक्षा होते.

उतावळ्याचा मार्ग स्प्रिंग कापण्याचा. समजा स्प्रिंगेला दहा वेढे आहेत. त्यातले दोन कापले, राहिले आठ. गाडी खाली आली खरी, पण स्प्रिंगही पहिल्याच्या सव्वापट ताठ झाली, कारण ताठपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा भागिले आठ, म्हणजे सव्वा. वर चाक उचलले जायला जागाही कमी झाली. खड्डा आला की धक्का सरळ सांगाड्यावर आणि बसणाऱ्याच्या मणक्यावर. याहून वाईट मार्ग म्हणजे गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ती खाली बसवणे. तापलेल्या स्प्रिंगेचे पाणी उतरते. आपल्या लोहाराला विचारा; विळ्याची धार तापली की काय होते, ते तो सांगेल.

शहाण्याचा मार्ग निराळा. या सी-१० ला पुढे वेढ्यांच्या स्प्रिंगा असतात. चाक ज्या खुंटीवर फिरते ती खुंटी मूळ जागेपेक्षा अडीच इंच वर असलेला जोड तयार मिळतो. तो बसवला की स्प्रिंग आहे तशी राहते, चाकाची हालचाल आहे तशी राहते, आणि गाडी अडीच इंच खाली येते. उरलेली थोडी कसर बेताने आखूड केलेल्या, कारखान्यात घडवलेल्या स्प्रिंगेने भरून निघते. ज्या जुन्या ट्रकांना बैलगाडीसारखा अखंड आस आणि पाटे असतात, त्यांत आस पाट्याच्या वर घेतात, किंवा आस आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालतात. पुढचा आस असेल, तर दोन्ही टोकांना उंच वळवलेला नवा आस बसवतात.

मागची बाजू मात्र कठीण. माल भरल्यावर गाडी समपातळीत यावी म्हणून रिकाम्या ट्रकची मागची बाजू मुळातच उंच ठेवलेली असते. म्हणून मागे जास्त खाली यावे लागते. परंतु सांगाडा खाली आला, की आस सांगाड्याच्या तुळईच्या अगदी जवळ येतो. मग खड्ड्यात आस उसळून तुळईवर आदळतो. त्याला वाट करून देण्यासाठी तुळईच्या खालच्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच कापतात. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत पूर्वीच्या मालकाने हीच खाच कापली होती. कापली, आणि वर काळा रंग फासून दिला.

यात काय बिघडले, ते समजण्यासाठी एक प्रयोग करा. शिक्षकमित्रांनी हा वर्गात जरूर करावा. लाकडी पट्टी घ्या. तीन सेंटिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड. ती आडवी धरून वाकवा. सहज वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून वाकवून बघा. वाकत नाही. लाकूड तेच, वजन तेच. पण उभ्या पट्टीची खोली दहापट झाली आणि रुंदी दशांश झाली. वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या पटीत आणि खोलीच्या घनाच्या पटीत वाढतो. दहाचा घन हजार, भागिले दहा; म्हणजे उभी पट्टी आडव्या पट्टीच्या शंभरपट ताठ.

आता उलटा हिशेब करा. उभ्या पट्टीला अर्ध्यापर्यंत खाच पाडली, तर त्या जागी खोली अर्धी झाली. ताठपणा एक-अष्टमांश उरला. भार सोसण्याची ताकद खोलीच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणजे ती चतुर्थांश उरली. आणि ट्रकची तुळई तर साधी पट्टी नसते. ती चॅनेलच्या आकाराची असते. उभा पत्रा, वर आणि खाली आडव्या पट्ट्या. वाकताना सगळ्यांत जास्त ओढ आणि दाब या वरखालच्या पट्ट्यांनाच सोसावा लागतो. खाच कापणाऱ्याने नेमकी खालची पट्टी तोडलेली असते. घराचा वासा कापून त्यावर चुना फासण्यासारखेच ते झाले.

तुम्ही म्हणाल, मग ती गाडी इतकी वर्षे चालली कशी? ते असे. लोखंडी बारीक तार घ्या. एकदा वाकवली तर तुटत नाही. दोनदा वाकवली तरी तुटत नाही. पण तीच जागा पुढे-मागे वाकवत राहा, विसाव्या का तिसाव्या वेळेला ती तटकन तुटते. धातू थकतो. प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक म्हणजे तुळईला एक वाक. जेथे कापताना चरा राहिला असेल, कोपरा तीक्ष्ण राहिला असेल, तेथे सारा ताण एकवटतो आणि केसासारखी भेग सुरू होते. छायाचित्रात मला तेच दिसले. खाचेच्या एका कोपऱ्यातून निघालेली तांबूस रेघ, उभ्या पत्र्यात बोटभर वर चढलेली. रेघेवर गंज होता, म्हणजे भेग जुनी होती. कारागिराने ती आठ दिवसांत निर्माण केलेली नव्हती.

मग खाच कापूच नये काय? तसे नाही. खाच कापून जे काढून घेतले, ते दुसऱ्या रूपाने परत दिले पाहिजे. खाचेच्या आकाराचा, तुळईइतक्या किंवा अधिक जाड पोलादाचा, स्वतःची आडवी पट्टी असलेला तुकडा त्या जागी बसवतात. खालची तुटलेली पट्टी अशा रीतीने खाचेवरून कमानीसारखी फिरून पुन्हा अखंड होते. हा तुकडा खाचेच्या दोन्ही अंगांना बराच पुढे गेला पाहिजे. त्याची टोके तिरपी किंवा गोल हवीत. तुळईवर सरळ उभी वेल्डिंगची रेघ ओढली, तर पुढची भेग त्याच रेघेवर पडते. जुनी भेग नुसती वरून भरून चालत नाही. तिच्या टोकाशी भोक पाडून तिची वाट अडवावी लागते, ती घासून तळापर्यंत उघडावी लागते आणि मगच वेल्डिंग भरावे लागते.

कित्येक कारागीर याच वेळी चॅनेलची उघडी बाजू पत्रा लावून बंद करतात. त्याचे कारणही हाताने समजून घ्या. पुठ्ठ्याची नळी दोन्ही हातांनी पिळा. पिळत नाही. आता तिला लांबीने एक चीर द्या आणि पुन्हा पिळा. ओल्या कपड्यासारखी पिळते. पुठ्ठा तेवढाच आहे. फक्त बंद आकार उघडा झाला. चॅनेल बंद केला, की पिळाला होणारा त्याचा विरोध कितीतरी पटींनी वाढतो. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर, अशा वेळी सांगाड्याला हाच पीळ बसत असतो.

याखेरीज लहानसहान वाटणारी, पण जिवाशी गाठ असलेली आणखी कामे असतात. गाडी खाली आली, की इंजिनाकडून मागच्या आसाकडे जाणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो. त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. एका क्रॉसमुळे फिरण्यात जो चढउतार येतो, तो दुसरा क्रॉस भरून काढतो. मात्र दोन्हींचे कोन सारखे असले तरच. नसले, तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर खातो. मागचा आस आडवा सरकू नये म्हणून एक आडवी काठी असते; तिचे एक टोक सांगाड्याला, दुसरे आसाला. गाडी खाली आली की ती काठी कंसात फिरते आणि आसाला बाजूला ओढते. म्हणून तिची लांबी बदलावी लागते. शॉकॉब आखूड लागतात. ब्रेकच्या नळ्या कुठे घासतात, ते पाहावे लागते. पुढच्या चाकांची ठेवण पुन्हा मोजून लावावी लागते. आणि या गाडीत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, बसण्याच्या बाकामागे असते! वेल्डिंगच्या ठिणग्या उडवण्यापूर्वी ती काढून दूर ठेवायची, बॅटरीची तार सोडायची, हे ओघानेच आले. या प्रत्येक कामाला वेळ लागतो, आणि कारागिराचा वेळ हाच त्याचा माल.

येथून पैशाचा प्रश्न सुरू होतो. बाजारात सुट्या भागांची किंमत छापलेली असते, श्रमाची नसते. समजा कारागिराने बारा तासांचा अंदाज दिला. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचे चार बोल्ट गंजून बसले, की चार तास तेथेच गेले. यात लबाडी नाही. लबाडी कोठे असते? न सांगता काम वाढवण्यात, आणि केलेले काम रंगाखाली झाकण्यात. कॅलिफोर्नियात यासाठी १९७१ साली कायदा झाला. त्याप्रमाणे मोटारदुरुस्ती करणाऱ्याने कामापूर्वी लेखी अंदाज द्यावा लागतो आणि ग्राहकाच्या संमतीवाचून त्यापेक्षा अधिक आकारता येत नाही. काढलेले जुने भाग ग्राहकाला परत मागता येतात. मात्र संमतीने झालेल्या कामाचे पैसे थकले, तर गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कारखानदारालाही आहे.

म्हणून मी विद्यार्थ्याला लिहिले, "हा माणूस तुला बनवत नाही. त्याने काम थांबवून तुला विचारले, हीच त्याची साक्ष. पण विश्वास ठेवलास तरी डोळे मिटू नकोस. त्याला तीन गोष्टी विचार. जोडायच्या तुकड्याची जाडी किती आणि तो खाचेच्या पुढे कुठपर्यंत जाणार? भेगेच्या टोकाचे काय करणार? आणि रंग लावण्यापूर्वी वेल्डिंग मला दाखवणार का? उत्तरे लेखी घे. पैसे टप्प्याटप्प्याने दे. आगाऊ द्यायचे ते सुट्या भागांपुरते, शेवटचा हप्ता गाडी चालवून पाहिल्यावर. आणि चाके व रंग यांसाठी ठेवलेले पैसे आधी सांगाड्याला घाल. चकाकी पुढच्या वर्षी आली तरी चालेल."

त्याने तसेच केले. कारागिराने तिन्ही प्रश्नांची उत्तरे न कुरकुरता दिली. उलट तो म्हणाला म्हणे, "हे विचारणारे गिऱ्हाईक मला वर्षातून एखादेच मिळते." त्याच्या सल्ल्याने मागे सहाऐवजी चारच इंच खाली यायचे ठरले, म्हणजे चाकाला हलायला पुरेशी जागा राहिली. अलीकडे पत्र आले आहे. गाडी अजून जुन्याच, फिकट रंगात आहे. चाकेही जुनीच. पण शनिवारी तो आपल्या सात वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून बाजाराला जातो. कापलेली तुळई तिच्या बाकाच्या पाच-सहा फूट मागे होती, हे वाक्य त्याने पत्रात दोनदा लिहिले आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला याचा काय उपयोग? आपल्याकडे तर ही हौस कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. ते बरोबरच आहे. तेव्हा हे ऐकून कोणी आपली जीप कापायला घेऊ नये.

उपयोग दुसरा आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची तुळई तडकते. दांडीचा जोड सुटतो. आपण नाक्यावरच्या वेल्डरकडे नेतो, तो पाच मिनिटांत वरून एक रेघ मारतो, आपण थोडे पैसे टेकवतो आणि त्याच ट्रॉलीत ऊस भरतो. वर चार माणसेही बसतात. ती रेघ खरी की नुसती मलमपट्टी, हे आपण विचारत नाही. आणि वेल्डरही सांगत नाही, कारण विचारले तर वेळ जाईल, वेळ गेला तर पैसे जास्त होतील, आणि आपण घासाघीस करू, हे त्याला ठाऊक असते. घासाघीस जरूर करा. पण ती रंगाच्या कामात करा. भार पेलणाऱ्या लोखंडाच्या कामात करू नका. भेग तळापर्यंत उघडलीस का, मागून आधाराची पट्टी देणार का, आणि रंगापूर्वी बघू का, हे तीन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

शिक्षकमित्रांना एकच विनंती. पट्टी, पुठ्ठ्याची नळी आणि तार, या तीन वस्तू कोणत्याही शाळेत मिळतात. घन आणि वर्ग यांची उदाहरणे फळ्यावर सोडवून घेताना एकदा या तीन वस्तू मुलांच्या हातात द्या. त्यांतलाच एखादा उद्या वेल्डर होईल, एखादा ट्रॉलीचा मालक होईल. दोघांनाही खोली अर्धी झाली की ताकद चतुर्थांश होते एवढे ठाऊक असले, तर त्या ट्रॉलीत बसणारी माणसे घरी सुखरूप पोहोचतील.